फ्रीमँटल ते ब्रिस्बेन : १९४६ च्या रग्बी संघाच्या वाटेवर आठ दिवस

आमची नात सिडनीजवळ पॅरामॅटाला राहते आणि शनिवारी-रविवारी मुलींच्या संघातून रग्बी लीग खेळते. दोन वर्षांपूर्वी तिने फोनवर मला एक गोष्ट सांगितली. दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या ग्रेट ब्रिटनचा रग्बी लीग संघ ऑस्ट्रेलियाला आला. प्रवासी बोटी मिळत नव्हत्या, म्हणून २६ खेळाडू विमानवाहू युद्धनौकेवर चढले. फ्रीमँटलला उतरून आगगाडीने अख्खं ऑस्ट्रेलिया ओलांडून ते सिडनीला पोचले आणि कसोटी मालिकेत एकही सामना न हरता परतले. रग्बी लीगमध्येही ब्रिटन-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेला अ‍ॅशेस म्हणतात, आणि ऑस्ट्रेलियात ती खेळून असं करणारा तो एकमेव ब्रिटिश संघ. नौकेचं नाव होतं 'इंडॉमिटेबल', म्हणजे कुणापुढे न नमणारी. पुढे संघालाही लोक त्याच नावाने ओळखू लागले.

मी रेल्वेत ३४ वर्षं गार्ड होतो. शेवटची बरीच वर्षं मनमाडला काढली. त्यामुळे तिच्या गोष्टीतली बोट मागे पडली आणि आगगाडी डोक्यात राहिली. तीच वाट धरून नातीकडे जायचं असं तेव्हाच ठरवलं. गेल्या एप्रिलअखेरीस मी आणि सौ. निघालो. संघ फ्रीमँटलला उतरला तोही एप्रिलअखेरीसच.

दिवस पहिला, शनिवार : फ्रीमँटल

माझा भाचा पर्थला असतो. सकाळी लोकलने त्याने आम्हाला फ्रीमँटलला आणलं. पर्थहून अर्ध्या तासाचा रस्ता, आणि स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की समोर व्हिक्टोरिया क्वे, म्हणजे बंदराचा धक्का. जुन्या लाकडी शेडी, क्रेन, आणि स्वान नदी समुद्राला मिळते तिथलं हिरवट पाणी. दुपारनंतर समुद्रावरून गार वारा सुटतो. इथले लोक त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात, कारण उन्हाळ्यात पर्थच्या जिवाला तोच थंडावा देतो.

धक्क्यावर उभा राहून मी ती २६ माणसं डोळ्यांपुढे आणली. कप्तान गस रिस्मन, वय ३५, कार्डिफच्या गोदीभागात वाढलेला, ऑस्ट्रेलियाचा त्याचा तिसरा दौरा. ब्रॅडफर्डचा आडदांड फ्रँक व्हिटकोम, हॅलिफॅक्सचा आर्थर बॅसेट, विगनचे जो ईगन आणि केन गी. सहा वर्षं युद्धात गेलेली. व्यायाम करायचा तर नौकेच्या विमानं उतरायच्या डेकवर. आदल्याच वर्षी प्रशांत महासागरात त्या डेकवर जपानी आत्मघाती विमान येऊन आदळलं होतं. बरोबर एडी वेअरिंग नावाचा पत्रकार होता. पुढे बीबीसीवर हा खेळ त्याच्याच आवाजात घरोघरी पोचला.

असा दौरा इतक्या घाईने का काढला? ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री एव्हाट स्वतः रग्बी लीगचे चाहते. युद्धानंतर लोकांना उभारी द्यायला हा संघ आलाच पाहिजे, असा आग्रह त्यांनी ब्रिटिशांकडे धरला होता.

दुपारी मासेमारीच्या बंदरावर भाच्याने मासे आणि चिप्स घेतले. सौ. शाकाहारी, तिने नुसत्या चिप्स आणि घरून आणलेली लसणाची चटणी खाल्ली. शेजारच्या बाकावरच्या इटालियन आजोबांनी चटणीकडे बोट दाखवून खुणेनेच विचारलं. हिने चिमूटभर दिली. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग परत हात पुढे केला.

जाणाऱ्यांसाठी : सागरी संग्रहालय आणि जुना तुरुंग दोन्ही बघायचं असेल तर पूर्ण दिवस ठेवा. १८९७ चा झाकलेला बाजार शुक्रवार ते रविवारच उघडा असतो.

दिवस दुसरा, रविवार : गाडीत

पूर्व पर्थच्या टर्मिनलवरून 'इंडियन पॅसिफिक' सुटते. हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंत ४,३५२ किलोमीटर, गाडीत तीन रात्री. तिकीट स्वस्त नाही, पण जेवणखाण सगळं त्यात येतं. शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच कळवा, ऐन वेळी सांगू नका. डबा आपल्या फर्स्ट क्लासच्या कूपेसारखा : खाली-वर दोन बर्थ, आणि कपाटाएवढ्या जागेत संडास-न्हाणी. गुडघे दुखत असतील तर खालचा बर्थ कुणाला हे घरूनच ठरवून जा.

एक चूक आम्हाला महागात पडली असती. मोठ्या बॅगा लगेजच्या डब्यात जातात, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यातच गेल्या. गाडी सुटल्यावर लक्षात आलं. आमच्या डब्याची देखभाल करणारी मुलगी न कुरकुरता गेली, पुढच्या थांब्यावर बॅग उघडून घेतली आणि गोळ्या आणून दिल्या. औषधं, स्वेटर आणि चार्जर हातातल्या पिशवीतच ठेवा.

गव्हाची शेतं संपली तशी माती तांबडी होत गेली. रुळांच्या सोबतीने कितीतरी वेळ एक जाड पाइप धावत होता. फ्रीमँटलचं बंदर बांधणारे इंजिनिअर ओ'कॉनर यांनीच आखलेली ही जलवाहिनी. १९०३ पासून ती पर्थजवळच्या धरणाचं पाणी ५०० हून अधिक किलोमीटर लांब सोन्याच्या खाणींपर्यंत चढवते. रात्री काल्गुर्ली आलं. आज गाडी इथे थांबते ती प्रवाशांना खाण दाखवायला. १९४६ साली थांबावंच लागायचं, कारण अरुंद गेज इथे संपायचं.

हे वाचलं तेव्हा माझ्यापुढे मनमाड उभं राहिलं होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाचं गेज साडेतीन फूट, काल्गुर्लीपासून पुढे चार फूट साडेआठ इंच, आणि पोर्ट पिरीपासून दक्षिण ऑस्ट्रेलियाचं पाच फूट तीन इंच. प्रत्येक वसाहतीने आपापल्या मर्जीने रूळ टाकले, आणि देश एक झाला तरी रूळ वेगळेच राहिले. पर्थपासून सिडनीपर्यंत सलग एकच गेज व्हायला १९७० उजाडलं. मनमाडलाही हैदराबादकडचं मीटरगेज आणि मुंबईचं ब्रॉडगेज समोरासमोर यायचं. पोती एका वाघिणीतून काढून दुसरीत भरणारे हमाल मी रोज पाहिलेत. त्या खेळाडूंना सैनिकांच्या गर्दीत, असंच सामान उतरवत-चढवत कित्येक दिवस काढावे लागले, आणि पुढे खेळायचंही होतं.

दिवस तिसरा, सोमवार : नलारबोर

पहाटे पडदा सरकवला आणि बाहेर काहीच नव्हतं. झाड नाही, टेकडी नाही, तारेचं कुंपणसुद्धा नाही. गुडघ्याएवढी करडी झुडपं आणि काठोकाठ आभाळ. नलारबोर हे नावच 'एकही झाड नाही' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून पडलंय. इथे ४७८ किलोमीटर रूळ सरळ जातो, एकही वळण न घेता, आणि असा सरळ रूळ जगात दुसरा नाही. गार्डाच्या डब्यातून मागे बघायची मला सवय. वळणावर आपली गाडी आपल्याला दिसते. इथे दिवसभर ती दिसलीच नाही.

मोबाइलला रेंज नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते काळजी करणार नाहीत. घड्याळही वाटेत पुढे करावं लागतं. पर्थ आणि अ‍ॅडलेड यांच्यात दीड तासाचा फरक आहे.

जेवणाच्या टेबलावर चौघांना बसवतात, त्यामुळे ओळखी होतात. दुपारी आमच्यासमोर एक आजी होत्या, वय ८० च्या पुढे, एकट्याच. मूळ गाव इंग्लंडमधलं बॅरो. साठच्या दशकात १० पौंडांच्या सरकारी योजनेतून बोटीने ऑस्ट्रेलियाला आलेल्या. आम्ही कुणाच्या मागावर निघालोय हे सांगितल्यावर त्यांनी काटा खाली ठेवला.

"मग तुम्हाला रॉय फ्रान्सिस माहीत असेल," त्या म्हणाल्या.

मला माहीत नव्हता. २६ जणांच्या यादीत ते नाव नव्हतं.

"नसणारच. तो आमच्या बॅरोचा विंगर, मैदानाच्या कडेने पळणारा खेळाडू. माझे वडील दर शनिवारी त्याला बघायला जायचे. त्याच्याइतकं वेगाने पळणारं तेव्हा कुणी नव्हतं, असं ते शेवटपर्यंत सांगायचे. पण तो काळा होता. ऑस्ट्रेलियात तेव्हा गोऱ्यांशिवाय कुणी नको होतं, म्हणून त्याला घेतलंच नाही."

नंतर मी खात्री करून घेतली. फ्रान्सिस वेल्समधल्या ब्रिनमॉरचा. १९४६ च्या संघातून त्याला ऑस्ट्रेलियाच्या वर्णबंदीमुळेच वगळलं, असंच सगळीकडे नोंदलेलं आहे. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डला न्यूझीलंडविरुद्ध त्याला एकमेव कसोटी मिळाली, आणि तीत त्याने दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला. पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ब्रिटिश संघातून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आला तो १९५४ साली, बिली बॉस्टन.

टेबलावर जरा वेळ शांतता होती. आजी आल्या त्या वर्षांत आम्हाला या देशाचं दार बंद होतं. माझा भाचा, माझी लेक, नात, यांपैकी कुणीच तेव्हा इथे येऊन राहू शकलं नसतं. ते धोरण पुरतं मोडीत निघालं १९७३ साली. आजींनी ते ओळखलं असावं. त्यांनी हिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "फ्रान्सिस पुढे सिडनीला आला बरं का, नॉर्थ सिडनीचा प्रशिक्षक म्हणून. ते मैदान बघून या."

दुपारी कुक आलं. एकेकाळी रेल्वेवाल्यांची वस्ती, शाळा, दवाखाना सगळं होतं. १९९७ नंतर जवळजवळ रिकामं. उतरून फिरता येतं. दोन कैद्यांपुरत्या पत्र्याच्या खोल्या, बंद घरं, आणि वारा. दूरवरच्या रेल्वेवस्त्यांना किराणा, मांस आणि पगार पोचवणारी 'टी अँड शुगर' नावाची गाडी १९९६ पर्यंत या रुळांवरून धावायची. मी एका बंद घराच्या पायरीवर बसलो. रेल्वे क्वार्टरची पायरी कुठेही ओळखू येते.

दिवस चौथा, मंगळवार : अ‍ॅडलेड

सकाळी गाडी थांबली. १८६९ पासूनच्या मध्यवर्ती बाजारात दोन तास काढले. फळांच्या राशी, ऑलिव्ह, चीज, आणि एका दुकानात चक्क ओली हळद. बेडकाच्या तोंडाचा हिरवा केक इथे मिळतो, लहान मुलं बरोबर असतील तर जरूर घ्या. संध्याकाळी लाल माती पुन्हा सुरू झाली.

रात्रीच्या जेवणाला आजींनी रेशनच्या आठवणी सांगितल्या. १९४६ च्या इंग्लंडमध्ये मांस, लोणी, साखर, सगळं मोजून मिळायचं. युद्धात पावावर रेशन नव्हतं, ते २१ जुलै १९४६ ला सुरू झालं. तारीख ऐकून मी वही काढली. तिसरी कसोटी २० जुलैची. म्हणजे सिडनीत संघ मालिका जिंकत होता त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी पावसुद्धा कार्डावर मिळू लागला. ऑस्ट्रेलियातही रेशन होतं, पण ताटात मांसाचा मोठा तुकडा यायचा. तो खाताना त्यांना घरची आठवण आली असेल.

दिवस पाचवा, बुधवार : सिडनी

मालगाड्यांना वाट देत देत आमची गाडी तीन तास उशिरा पोचली. पोचल्या दिवशी पुढचं विमान घेऊ नका. सकाळी ब्लू माउंटन्सच्या दऱ्यांत धुकं होतं. मध्यवर्ती स्टेशनवर नात आणि जावई उभे. आजींनी तिला जवळ घेतलं, "तू कुठल्या जागेवर खेळतेस?" असं विचारलं, आणि "विंगवर" ऐकल्यावर तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

दिवस सहावा, गुरुवार : सिडनी क्रिकेट ग्राउंड

मध्यवर्ती स्टेशनवरून ट्रामने मूर पार्कला उतरायचं. तिकीट काढायला नको, बँकेचं कार्ड दाखवलं की झालं. मैदान आतून बघायचं तर मार्गदर्शकासह फेरी असते, आधी नोंदणी करा.

आपण हे मैदान गावसकरांच्या १७२ आणि सचिनच्या नाबाद २४१ धावांमुळे ओळखतो. पण हिवाळ्यात इथे वर्षानुवर्षं रग्बी लीगच्या कसोट्या झाल्या. १७ जून १९४६ ला पहिल्या कसोटीला ६४ हजारांवर लोक होते. ब्रॅडफर्डच्या जॅक किचिंगला पूर्वार्धातच बाहेर काढलं गेलं. त्याने प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारला असं पंचांचं म्हणणं, आणि आपल्याला चावा घेतला असं त्याचं. तेव्हा बदली खेळाडू नसायचा. १३ विरुद्ध १२ असा बाकीचा सगळा सामना खेळून ब्रिटिशांनी ८-८ अशी बरोबरी राखली.

नातीने मला मैदानाच्या कठड्याशी उभं राहून तेव्हाचे नियम समजावून दिले. आज सहा वेळा पकडलं गेलं की चेंडू दुसऱ्या संघाला जातो. तेव्हा अशी मर्यादाच नव्हती, चेंडू हातचा सुटेपर्यंत तुमचाच. ट्रायला तीन गुण, आज चार आहेत. "म्हणजे आजोबा, १२ जणांनी त्यांना पकडत राहायचं, पकडत राहायचं, आणि चेंडू परत मिळेलच असं नाही." आपल्या कबड्डीत चढाईला ३० सेकंदांची तरी मर्यादा आहे. माझ्या लक्षात आलं ते तेव्हा.

१८८६ चं सदस्यांचं पॅव्हेलियन अजून उभं आहे. हिरवं छत, लोखंडी नक्षी. तिसरी कसोटी याच पॅव्हेलियनसमोर २०-७ अशी जिंकली.

दिवस सातवा, शुक्रवार : ब्रिस्बेन

पहाटेचं विमान, दीड तास. हवा एकदम मुंबईच्या डिसेंबरसारखी. दुसरी कसोटी ६ जुलै १९४६ ला इथल्या एक्झिबिशन ग्राउंडवर झाली. ऑगस्टमधल्या शेतकी जत्रेचं हे मैदान, फॉर्टिट्यूड व्हॅली स्टेशनवरून चालत जाता येतं. आत जायला मिळेलच असं नाही, आम्ही बाहेरच्या रस्त्यांवरूनच फिरलो. त्या दिवशी ४० हजारांहून अधिक लोक आले होते, आणि आर्थर बॅसेटने एकट्याने तीन ट्राय केले. ब्रिटन १४, ऑस्ट्रेलिया ५.

फाटकाजवळ एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. आम्ही का आलोय ते ऐकून थांबले. ते तेव्हा सात वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावर. सामना काही आठवत नाही, म्हणाले, फक्त वडिलांच्या टोपीचा वास आणि इतकी माणसं एकदम ओरडली की कसं वाटतं ते आठवतं. बोलताना त्यांनी हात आपल्या डोक्यावर टोपी असावी तसा ठेवला होता.

रात्रीच्या विमानाने परत.

दिवस आठवा, शनिवार : पॅरामॅटा आणि नॉर्थ सिडनी

सकाळी नातीचा सामना. गवतावर दव, पालकांच्या खुर्च्या, आणि जाळीवर भाजलेल्या कांद्याचा वास. पावाच्या एका कापात सॉसेज आणि कांदा घालून देतात, हिने नुसता कांदा मागितला तर त्यांनी भरपूर घातला. नातीच्या संघात टोंगा, सामोआ, लेबनॉन, फिजीकडच्या मुली. त्या हरल्या, १०-१६. नातीच्या कोपराचं साल निघालं. आजीने खोबरेल तेल लावलं.

दुपारी लेक म्हणाली, थकला असाल, उद्या जाऊ. पण मला नॉर्थ सिडनीला जायचंच होतं. लोकल हार्बर ब्रिजवरून जाते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना पाणी दिसतं, दारापाशी उभे राहा. स्टेशनपासून मैदान पाऊण मैल असेल, थोडा चढ आहे.

झाडांनी वेढलेलं छोटं, देखणं मैदान. रॉय फ्रान्सिस १९६९ साली इथल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून आला. तोवर हल संघाला त्याने दोनदा इंग्लंडचं विजेतेपद आणि लीड्सला १९६८ चा चॅलेंज कप मिळवून दिला होता. ज्या देशात त्याला खेळाडू म्हणून आणलं नाही, तिथे २३ वर्षांनी शिकवायला आला. दोन मोसम राहिला. ते दिवसही त्याला इथे सोपे गेले नाहीत.

एका बाजूला जुना लाकडी स्टँड आहे, 'बॉब स्टँड'. बॉब म्हणजे शिलिंग, एका शिलिंगात तिथे बसायला मिळायचं. फलक वाचला आणि मी सौ.ला हाक मारली. हा स्टँड मुळात इथला नाहीच. १८९५ साली बांधला तो सिडनी क्रिकेट ग्राउंडवर. तिथून १९८० च्या दशकात सोडवून, इथे आणून पुन्हा उभा केला. म्हणजे १९४६ च्या दोन्ही कसोट्या बघणारी माणसं याच फळ्यांवर बसली होती.

आम्ही चौघं वरच्या रांगेत जाऊन बसलो. बाकाची फळी मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेली, कडेला रंगाचे थर. खाली काही मुलं क्रिकेट खेळत होती. नातीने माझी वही मागून घेतली, २६ नावं बोटाने मोजली आणि विचारलं,

"आजोबा, रॉय फ्रान्सिस डाव्या विंगला की उजव्या?"

मला ते सांगता आलं नाही. बॅरोच्या आजींचा पत्ता वहीच्या शेवटच्या पानावर होता. तिने तिथेच बसून त्यांना पत्र लिहायला घेतलं.